खडकांचे सापेक्ष वय

खडकांचे सापेक्ष वय म्हणजे एखादा खडक दुसऱ्या खडकाच्या आधी तयार झाला की नंतर, हे दर्शविणारा क्रम होय. त्यातून वर्षांचा आकडा मिळत नाही. तो आकडा, म्हणजे निरपेक्ष वय, मुख्यतः किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजमापावरून काढतात.

तत्त्वे

अध्यारोपण : उलथापालथ न झालेल्या थरांत खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो. डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी हे तत्त्व १६६९ मध्ये मांडले.

छेदन : जो खडक दुसऱ्यास छेदून जातो तो नंतरचा असतो. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत बेसाल्टच्या थरांना छेदणाऱ्या उभ्या भित्ती त्या थरांपेक्षा नवीन आहेत.

समावेश : एखाद्या खडकात सापडणारे दुसऱ्या खडकाचे तुकडे त्या खडकापेक्षा जुने असतात.

जीवाश्मक्रम : गाळाच्या खडकांतील जीवाश्म ठरावीक क्रमाने आढळतात. त्यांवरून दूरच्या थरांचा मेळ घालण्याची पद्धत इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ यांनी रूढ केली.

सोलापूर परिसर

सोलापूर जिल्ह्याचा भूभाग मुख्यतः दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वारंवार वाहून हे जवळजवळ आडवे थर साचले. थराचा माथा बहुधा सच्छिद्र, तर मधला भाग घट्ट असतो. काही ठिकाणी दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो, त्यास ‘लाल बोल’ म्हणतात. खालच्या लाव्ह्याचा पृष्ठभाग किंवा त्यावर पसरलेली राख उघड्यावर झिजून असे पट्टे तयार झाले व नंतर त्यांवर नवा लाव्हा पसरला. त्यामुळे हा पट्टा थरांचा क्रम आणि दोन उद्रेकांमधील खंड दोन्ही दाखवितो.

भीमा नदीकाठचा गाळ बेसाल्टवर साचलेला असल्याने तो नंतरचा आहे. त्यातील बेसाल्टचे गोटे समावेशाच्या तत्त्वाने हेच सिद्ध करतात.

मर्यादा

लाव्ह्यात जीवाश्म सहसा टिकत नाहीत. ते दोन थरांमधील तळ्यांच्या गाळात मिळतात. नागपूरजवळील टाकळी येथील गाळ यासाठी प्रसिद्ध आहे. शिवाय बेसाल्टचे थर दिसावयास सारखेच असतात. म्हणून दूरच्या थरांचा मेळ घालताना त्यांची रासायनिक घडण व त्यांत नोंदली गेलेली चुंबकीय दिशा तपासतात. सह्याद्रीतील थरांचे खालून वर कळसूबाई, लोणावळा व वाई असे उपसमूह याच रीतीने ठरविले आहेत.

उपयोग

घट्ट बेसाल्टमध्ये पाणी फारसे साठत नाही. ते झिजलेल्या, सच्छिद्र वा भेगाळ भागांत मिळते. थरांचा क्रम माहीत असल्यास असा भाग किती खोलीवर लागेल याचा अंदाज बांधता येतो. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात विहिरीची जागा निवडताना तो महत्त्वाचा ठरतो.