नाव बाईचं : संगीत बारीची कुळकथा

संगीत बारीच्या थिएटरबाहेरची पाटी एकदा नीट वाचावी. आधी दोन-तीन बायकांची नावं, मग गावाचं नाव आणि शेवटी ‘पार्टी’. वाईच्या यमुनाबाईंची पार्टी ‘यमुना-हिरा-तारा वाईकर’ याच नावाने गाजली. लावणी रचणाऱ्या कवीचं नाव त्या पाटीवर नसतं, पेटीमास्तरांचं नसतं, ढोलकीवाल्याचंही नसतं. ज्या काळात जमिनीच्या उताऱ्यावर बाईचं नाव शोधूनही सापडत नसे, त्या काळात ते भररस्त्यावर ठळक अक्षरांत लागत होतं आणि तिकीटही त्याच नावावर खपत होतं. आज जगभर जिला पॉपस्टार म्हणतात, ती आपल्याकडे अशी अवतरली. तिचं कुळ शोधायचं तर सोलापूर जिल्ह्यापासून सुरुवात करावी.

या कुळाचा एक मूळपुरुष खुद्द सोलापूरचा. शाहीर राम जोशी, जन्म १७६२च्या सुमाराचा, घराणं शास्त्री-पुराणिकांचं. तरुणपणीच त्याला तमाशाचा नाद लागला. पुढे पंढरपूरला राहून तो संस्कृत शिकला आणि त्या विद्येचा सगळा साज त्याने लावणीला चढवला. पेशवाईच्या उतरत्या काळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर या शाहिरांनी बाईच्या तोंडी जे शब्द घातले, त्यांवर मराठी शृंगार दीडशे-दोनशे वर्षं पोसला गेला. तिची हुरहुर, तिचा रुसवा, तिचा हट्ट, सगळं पुरुषाने लिहिलेलं. फडावर ते म्हणून दाखवायलाही बहुधा बाई नसे, साडी नेसलेला नाच्या पोऱ्या असे.

पुढे ती जागा बायकांनी घेतली. जपानात हा प्रवास नेमका उलटा झाला. १६०३च्या सुमारास क्योतो शहरात कामो नदीच्या कोरड्या पात्रात ओकुनी नावाच्या बाईने नाच मांडला आणि त्यातून काबुकी जन्माला आलं. १६२९ साली तिथल्या राजवटीने बायकांना रंगमंचावरून उठवलं. त्यांच्या भूमिका आधी पोरांकडे आणि मग पुरुषांकडे गेल्या; काबुकीत आजही बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. तिथे बाईने उभं केलेलं पुरुषांनी घेतलं. आपल्याकडे पुरुषांनी बाईच्या नावे लिहिलेलं बायकांनी ताब्यात घेतलं, आणि मला ही घटना मराठी कलेच्या इतिहासातली फार मोठी वाटते. तिची जेवढी नोंद व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

ताबा घेणारी पहिली नामांकित बाई म्हणजे संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा. पठ्ठे बापूरावांच्या फडावर ती उभी राहिली आणि तिला पाहायला गावंच्या गावं लोटली. बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी. त्यांनी जात सोडली, घर सोडलं आणि पवळेसाठी लावण्या रचल्या. बापूरावांची चरित्रं झाली. पवळेचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी ‘बापूरावांची पवळा’ असंच येतं. माझ्या मते ते उलट लिहायला हवं. तिचा गळा आणि तिचं रूप समोर नसतं, तर त्या शब्दांना एवढे श्रोते कुठून मिळाले असते?

पुढे तमाशाचे दोन रस्ते झाले. एक ढोलकी फड: त्यात गण, गौळण, बतावणी, वग, सोंगाड्या, सगळा लवाजमा तंबूत, एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत. दुसरा रस्ता संगीत बारीचा. इथे वग नाही, राजा-प्रधान नाहीत. फक्त गाणं, नाच आणि अदा. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. रोज रात्री आपली पाळी आली की एकेक पार्टी मंचावर येते. ही पाळी म्हणजेच बारी. पार्टीची मालकीण बाई, नाचणाऱ्या तिच्या बहिणी, भाच्या, मुली. पेटी आणि तबला-ढोलकी वाजवणारे पुरुष तिच्या पगारावर. या बायका बहुतेक कोल्हाटी, डोंबारी, कळवात अशा समाजांतल्या. सोलापूर जिल्ह्यात मोडनिंब हे संगीत बारीचं मोठं ठाणं. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावाचं नाव लावणीच्या शौकिनाला वेगळं सांगावं लागत नाही.

बारीतला खरा कस बैठकीच्या लावणीत लागतो. बाई मध्यभागी बसते. एक पाय मुडपलेला, दुसरा गुडघा उभा, नऊवारीचा घोळ भोवती नीट पसरलेला. मागे पेटीवाला सूर धरतो. ती पहिली ओळ म्हणते आणि तिथेच थांबते. मग तीच ओळ पुन्हा येते, या वेळी नजर खाली. पुन्हा येते, आता एक भुवई वर आणि हाताची दोन बोटं हनुवटीला. पुन्हा येते आणि शब्द तेच असताना त्यांचा अर्थ पार बदललेला असतो. आधी विनवणी होती, आता टोमणा झाला. एका ओळीवर पाच-दहा मिनिटं सहज जातात, तरी तीच अदा दुसऱ्यांदा दिसत नाही. चाल संथ असते. ठुमरी ऐकलेल्या कानाला तिथली वळणं ओळखीची वाटतील. मग लय वाढते, ढोलकी बोलू लागते, बाई उठते आणि चाळांचा आवाज सुरू होतो. हे सगळं कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं. शब्द वहीत सापडतील. चाल आणि अदा मावशीकडून भाचीकडे, आईकडून लेकीकडे समोरासमोर बसून येते. लावणी टिकली ती या बायकांच्या स्मरणात टिकली.

पंढरपूरचा या कथेत मोठा वाटा आहे. २०१४ पर्यंत रुक्मिणीचे पुजारी असलेल्या उत्पात मंडळींत होळी-रंगपंचमीच्या दिवसांत लावणी गाण्याची परंपरा आहे. त्याच घराण्यातले ज्ञानोबा उत्पात हे बैठकीच्या लावणीचे मोठे जाणकार आणि गुरू. याच पंढरपुरात १९३५ साली भाऊ बापू मांग नारायणगावकरांच्या फिरत्या फडावर एक मुलगी जन्मली आणि विठ्ठलाच्या गावात जन्मली म्हणून तिचं नाव विठा ठेवलं, असं सांगतात. विठाबाई नारायणगावकर ढोलकी फडाच्या. नऊ महिने भरलेले असताना त्या नाचल्या, मध्येच मंचामागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. लोक ती कौतुकाने सांगतात. मला ती ऐकताना त्या बाईच्या हिमतीइतकीच तिची सक्ती दिसते: खेळ थांबला तर फडावरच्या सगळ्यांची चूल थांबणार होती. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले, पण अखेरची वर्षं हलाखीत गेली. २००२ साली त्या वारल्या. आता राज्य सरकार तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने देतं.

स्वातंत्र्य आल्यावर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, नियम झाले, मग बंदी उठली. गंमत अशी की १९४७ सालीच ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट गाजत होता आणि त्यात हंसा वाडकरांनी साकारलेली बया लोकांनी डोक्यावर घेतली होती. १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात १३१ आठवडे चालला. ज्या नाचाला थिएटरात जाऊन पाहणं घरंदाज माणसाला कमीपणाचं वाटे, तोच नाच पडद्यावर सहकुटुंब पाहिला जाऊ लागला. सुलोचना चव्हाणांनी तर डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभं राहून, फक्त आवाजावर लावणी घराघरांत नेली. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. पद्मश्री मिळाली ती २०२२ साली, त्यांच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर. यमुनाबाई वाईकरांनाही पद्मश्री २०१२ साली, वयाची पंच्याण्णव वर्षं उलटून गेल्यावर. आपण या बायकांना फार उशिरा ओळखतो.

जपानने ओळखायला उशीर केला नाही, असंही नाही. मिसोरा हिबारी ही युद्धानंतरच्या जपानचा आवाज. तिला राष्ट्रीय सन्मान १९८९ साली मरणानंतर मिळाला. पण तिथे एक गोष्ट आधी घडली. नटी मात्सुई सुमाकोने १९१४ साली एका नाटकात गायलेलं गाणं तबकडीवर आलं, देशभर पसरलं आणि आज शंभर वर्षांनंतरही तिच्याच आवाजात ऐकता येतं. यामागुची मोमोए ऐन भरात, एकविसाव्या वर्षी, १९८० साली निवृत्त झाली. शेवटच्या कार्यक्रमात तिने पांढरा माइक मंचावर ठेवला आणि संसाराला निघून गेली. तो क्षण चित्रफितीवर आहे, जपानी माणूस तो अजून पाहतो. आपल्या पवळेचा असा एखादा क्षण आपल्याकडे जपलेला नाही.

चाहत्याने आपली पसंती पैशातून दाखवण्याची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच जोरकस. टोकियोच्या अकिहाबारा भागात २००५ साली सुरू झालेल्या एकेबी फॉर्टी-एट या मुलींच्या संचाची चाहत्यांकडून निवडणूक होत असे. मतपत्रिका सीडीसोबत मिळे, म्हणून एकेक चाहता एकच सीडी ढिगाने विकत घेई. आपली दौलतजादा याच जातीची. पसंत पडलेल्या ओळीवर नोट पुढे होते, दुसऱ्या टेबलावरून त्याहून मोठी नोट येते, फर्माईश झडते आणि एकाच लावणीवर दोन शौकिनांची चुरस लागते. फरक एवढाच की दौलतजादा देणारा समोर बसलेला असतो आणि बाईला त्याच्या डोळ्यांत पाहून पुढची ओळ म्हणावी लागते.

या लोकप्रियतेची किंमत कोणी दिली, हे सोलापूर जिल्ह्यातल्याच एका माणसाने सांगितलं. करमाळा तालुक्यातल्या नेरले गावचे किशोर शांताबाई काळे. आई तमाशात नाचणारी. मुलगा डॉक्टर झाला आणि १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन लिहून त्याने मराठी वाचकाला हादरवलं. नाचणाऱ्या पोरीच्या कमाईवर जगणारे घरातले पुरुष, तिला लग्नाची बंदी, तिच्या मुलांना बापाच्या नावावरून होणारा जाच, सगळं त्याने उघडं केलं. पाटीवर बाईचं नाव असूनही पैशाची पिशवी अनेकदा तिच्या हातात नव्हती, हे त्या पुस्तकाने दाखवलं. आणि तरी, किंवा म्हणूनच, लेखकाने स्वतःच्या नावापुढे शांताबाई लावलं. २००७ साली अपघातात ते गेले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचं नाव आधी लावण्याचा नियम महाराष्ट्राने केला. त्याआधी तीस वर्षं शांताबाई हे नाव मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होतं.

याच जिल्ह्यातल्या अकलूजने वेगळी वाट काढली. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ १९९३ पासून तिथे राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. थिएटरच्या बंद दाराआडची पार्टी उघड्या मंचावर आली, परीक्षकांपुढे बसली. अकलूजला नंबर आला, हे पार्टीच्या नावापुढे अभिमानाने सांगितलं जाऊ लागलं. पुढच्या काळात नाट्यगृहात तिकीट लावून होणाऱ्या लावणीच्या कार्यक्रमांना जी बरकत आली, तिच्यामागे या मंचाचा आधार होता. भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ साली आलं, सावित्री मेधातुलांनी माहितीपट केला, आणि शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावतीची बैठक मुंबई-पुण्याच्या नव्या श्रोत्याने प्रथमच जवळून पाहिली.

आज जत्रेत डीजे लावून होणारा नाच गर्दी खेचतो. त्याला नावं ठेवण्यात मला रस नाही. पवळेलाही तेव्हाच्या सोवळ्या लोकांनी नावंच ठेवली होती. काळजी आहे ती बैठकीच्या लावणीची. ती येणाऱ्या बायका आता वयाने थकल्या आहेत, आणि ज्यांच्या लेकी-भाच्या शिकून नोकरीला लागल्या त्यांच्या गाण्याला पुढे वारस नाही. त्या मुलींनी चाळ बांधले नाहीत हे चांगलंच झालं. म्हणूनच हे काम आता दुसऱ्या कोणीतरी करायला हवं. सोलापुरात विद्यापीठ आहे, आकाशवाणी आहे. मोडनिंब, पंढरपूर, करमाळा इथल्या ज्येष्ठ कलावतींना योग्य बिदागी देऊन बसवावं आणि त्यांच्याकडची प्रत्येक लावणी, प्रत्येक अदेसह, चित्रित करून ठेवावी. आणि प्रत्येक चित्रफितीवर पहिलं नाव गाणाऱ्या बाईचं घालावं.