घरी शिकलेल्यांची फाईल

माझ्या भाचीने गेल्या वर्षी शाळा सोडली. का सोडली, हे ती अजून नीट सांगत नाही. आम्हीही खोदून विचारत नाही. दहावीला ती मुक्त विद्यालयातून बसणार आहे. ताईने घरातल्या घरात विषय वाटून टाकले आणि मराठी माझ्या गळ्यात आलं.

मी हौसेने पाच फायली केल्या. संतकाव्य, पंतकाव्य, शाहिरी, कादंबरी, आत्मचरित्र. रंगीत खुणा, वरती अनुक्रमणिका. ती फरशीवर मांडी घालून बसली, सगळं चाळलं आणि म्हणाली, “मावशी, यातलं घरी शिकलेलं कोण आहे?”

मला उत्तर देता येईना. मग लक्षात आलं, या फायलींची मांडणी माझी नव्हतीच. १८५४ मध्ये परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी जुन्या मराठी कवितांचे वेचे ‘नवनीत’ या पुस्तकात एकत्र केले. वामनपंडित, मोरोपंत पिढ्यान्‌पिढ्या मुलांपर्यंत पोचले ते अशाच वेच्यांमधून. वाचण्याजोगं काय, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. मी तेच पुढे ढकलत होते.

म्हणून सहावी फाईल केली.

पहिलं नाव पंडिता रमाबाईंचं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या आईने मुलीला शिकवलं. तीर्थयात्रा करत हिंडणारं कुटुंब, शाळेचा प्रश्नच नव्हता. १८७८ मध्ये कोलकात्याच्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं.

मग ताराबाई शिंदे. बुलढाण्यात वडिलांनी, बापूजींनी घरीच शिकवलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेल्या शिक्षेवरून गदारोळ उठला, तेव्हा चिडून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. साल १८८२. पुढे ते इतकं विस्मरणात गेलं की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत फार थोड्यांना माहीत होतं.

तिसऱ्या रमाबाई रानडे. अकराव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्याने, न्यायमूर्ती रानड्यांनी, शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांचे टोमणे झेलत त्या मराठी शिकल्या, मग इंग्रजी. १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आलं.

भाची खूश झाली. “म्हणजे घरी शिकूनही होतं!”

मीही खूश झाले असते. पण तिघींची पानं शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट डोळ्यात खुपली. एकीला शिकलेली आई होती, एकीला वडील, एकीला नवरा. घरी शिकायचं तर घरात आधी कुणीतरी शिकलेलं लागतं. ज्या घरांत अक्षर येऊच दिलं नव्हतं, तिथल्या मुलींचं काय?

म्हणून शेवटी मुक्ता साळवे ठेवली. मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेतली, वय सुमारे चौदा. १८५५ मध्ये तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना धर्माचा ग्रंथ वाचायलाही बंदी, त्यांचा धर्म कोणता, असा तिचा रोखठोक सवाल होता. हा सवाल कागदावर आला तो शाळेमुळे. आणि त्या शाळा चालवणाऱ्या सावित्रीबाई? त्यांची अक्षरओळख घरीच झाली, जोतीरावांकडून. त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा, म्हणजे ‘नवनीत’च्याच सालचा. घरी मिळालेलं अक्षर त्यांनी घरात ठेवलं नाही. त्याची शाळा केली.

भाचीने मुक्ताचा निबंध दोनदा वाचला. वय पाहिलं. ती स्वतः पंधराची. बराच वेळ गप्प बसून म्हणाली, “तिला शाळा सोडणं परवडलंच नसतं, ना?”

मी काही बोलले नाही. शाळेत भाचीला जे काही सोसावं लागलं ते खोटं नाही, आणि मुक्ताने शाळेतून जे मिळवलं तेही खोटं नाही. दोन्ही एकाच फाईलमध्ये मावतं, एवढंच मला त्या दिवशी कळलं.

तिने पानं सुटी केली. मुक्ताला शेवटून काढून सगळ्यात वर ठेवलं, सावित्रीबाईंना तिच्या लगोलग खाली. मग फाईलवरचं माझं ‘घरी शिकलेल्या’ हे नाव खोडून तिने तिथे नुसतं ‘शिकलेल्या’ लिहिलं.