उतरायचं राहून गेलं

पुढचा घटनाक्रम कोणा एका माणसाचा नाही. सॅडल बांधून झाडावर चढताना होणाऱ्या अपघातांत जी पावलं पुन्हा पुन्हा दिसतात, ती इथे एका संध्याकाळात एकत्र आणली आहेत. माणूस, मामा आणि शेत कल्पित आहेत. दोर, गाठी आणि शरीराचं वागणं खरं आहे. ठिकाण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, कन्नडजवळचं, गौताळा अभयारण्याच्या हद्दीबाहेरचं शेत. महिना एप्रिल, अमावास्येच्या आसपासचा शनिवार.

सॅडल म्हणजे कमरेखाली, बैठकीला आधार देणारा रुंद पट्टा. त्याच्या दोन बाजूंना जोडणारा पुढचा दोर म्हणजे ब्रिज, आणि ब्रिजपासून खोडाला बांधलेला दोर म्हणजे टेदर. माणूस खोडाकडे तोंड करतो, पाय छोट्या फळीवर टेकवतो आणि मागे रेलून बसतो. ही पद्धत रुजली ती अमेरिकेत, धनुष्यबाणानं हरणाची शिकार करणाऱ्यांमध्ये. बाणाचा पल्ला थोडा, म्हणून हरणाच्या नजरेच्या वर आणि अगदी जवळ बसावं लागतं. शिवाय सगळं सामान पाठीवर मावतं आणि जाताना झाडावर काही उरत नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा प्रश्न मिटवला. पण सामान आलंच. फोटो काढणारे, पक्ष्यांची घरटी अभ्यासणारे, फांद्या छाटणारे ते घेतात. बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला वनखात्याच्या मचाणावर बसणं वेगळं: तिथे मचाण आधीच बांधलेलं असतं आणि आपण कुठे आहोत हे कोणाला तरी ठाऊक असतं. सॅडलवाला स्वतःच सुतार, स्वतःच पहारेकरी.

सकाळी ११.००

शहरात, सिडकोतल्या घरी तो सामान पिशवीत भरतो. चार क्लायंबिंग स्टिक (खोडाला आवळून वर चढायच्या पायऱ्या), फळी, सॅडल, दोर, कॅमेरा. चढायचं कसं याचे व्हिडिओ त्यानं मन लावून पाहिले आहेत. अंगणातल्या झाडावर दोन स्टिकांपर्यंत चढूनही झालंय. पण लटकल्यावर, पायाखाली काही नसताना, स्वतःला परत वर कसं घ्यायचं, हे एकदाही केलेलं नाही. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर लटकून ते शिकता येतं, अर्ध्या तासात. शिकवणारेही बहुतेक वेळा चढणं दाखवतात, कारण बघणाऱ्याला तेच बघायचं असतं. मला हे फार चुकीचं वाटतं. पहिला धडा उतरण्याचा असायला हवा, आणि तो आल्याशिवाय दुसरा नसावा.

दुपारी २.३०

वेरूळ, हतनूर मागे टाकून तो मामाच्या वस्तीवर पोचतो. ऊन चाळिशीच्या पुढचं. मामी ताक देते, तो अर्धाच पेला घेतो. वर बसल्यावर लघवीला जाता येत नाही, म्हणून सकाळपासून पाणी बेतानंच चाललंय. मचाणावर बसणारे पुष्कळ जण असंच करतात. पण शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तदाब टिकवणं अवघड होतं, आणि आज रात्री त्याला नेमकी त्याचीच गरज पडणार आहे.

दुपारी ४.१५

“मामा, नाल्याकडं जाऊन येतो. रानडुकरं येतात म्हणता ना पाण्यावर.”

“जा. पण अंधार पडायच्या आत ये बरं का. जेवायला थांबतो आम्ही.”

“येतो आठपर्यंत.”

नाल्याला लागून तीन बांध आहेत आणि झाडं चाळीसेक. कोणतं झाड, हे तो सांगत नाही, मामाही विचारत नाही. मामाला वाटतं, भाचा झाडाखाली बसणार. झाडाचं नाव आणि उतरायची वेळ, एवढी दोन वाक्यं सांगून गेला असता तर पुढचा एक तास वाचला असता.

संध्याकाळी ४.५०

झाड त्यानं चांगलं निवडलं आहे, हे मान्य करायला हवं. कडुनिंब, सरळ खोडाचा, खरबरीत सालीचा. निलगिरीसारख्या गुळगुळीत खोडावर दोर घसरतो. गुलमोहर आणि शेवग्याची फांदी सांगून मोडत नाही. खाली उभं राहून तो शेंडा नीट न्याहाळतो, आग्या मोहोळ नाही ना ते बघतो. वेरूळ-अजिंठ्याच्या परिसरात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. वाळक्या फांद्याही पाहतो. नाल्याकडून वारा त्याच्या तोंडावर येतोय, म्हणजे माणसाचा वास जनावराकडे जाणार नाही. इथवर सगळं बरोबर आहे.

संध्याकाळी ५.०५

चढाई सुरू होते. कमरेभोवतीचा दोर खोडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या कडीत अडकवला आहे. विजेच्या खांबावरचे लाइनमन असाच दोर वापरतात, म्हणून नावही लाइनमन बेल्ट. एक स्टिक खोडाला पट्ट्यानं आवळायची, तिच्यावर चढायचं, पुढची लावायची.

स्टिक आवळण्यात एक बारकावा आहे. पट्टा हातानं ओढून भागत नाही. पट्टा ओढल्यावर स्टिक खाली दाबून तिचे दात सालीत रुतवायचे, मग तिच्यावर पूर्ण वजन टाकून, उसळी मारून पाहायचं. पहिल्या तिन्ही स्टिका त्यानं तशा पाहिल्या. चौथी लावताना हात भरून आले होते आणि उजेडात जागेवर बसायची घाई होती. पट्टा ओढला, पाय हलकेच ठेवला आणि वर गेला.

संध्याकाळी ५.२०

चार मीटरवर एक जाड फांदी आडवी येते. लाइनमन बेल्ट तिच्यावरून जात नाही. योग्य रीत अशी की आधी टेदर फांदीच्या वर बांधून त्यावर वजन द्यायचं, मगच खालचा दोर सोडायचा. म्हणजे कोणत्याही क्षणी एक दोर माणसाला धरून असतो. पण टेदर पिशवीत आहे. तो वर पोचल्यावर बांधायचा, असं त्याच्या डोक्यात. म्हणून तो कडी उघडतो, दोर काढतो, फांदीवरून फिरवतो, पुन्हा अडकवतो. आठ-दहा सेकंद तो फक्त हातापायांवर उभा आहे.

काही होत नाही.

या घटनाक्रमातली सगळ्यात वाईट गोष्ट मला हीच वाटते. सेकंदभर पाय घसरून छातीत धडकी भरली असती तर तो खाली उतरला असता, निदान टेदर बाहेर काढला असता. काही न झाल्यानं हात शिकतात की असं चालतं. सहा मीटरवरून सुटलेला माणूस एका सेकंदाहून किंचित जास्त वेळात जमिनीवर येतो, आणि तेव्हा त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळ असतो. पायऱ्यांवरून घसरताना कठडा धरायला जो वेळ मिळतो, तो इथे मिळत नाही.

संध्याकाळी ५.३५

फळी बसते, टेदर डोक्याच्या उंचीवर बांधला जातो. टेदरवर प्रूसिकची गाठ आहे: बारीक दोरीचे वेढे जाड दोरावर. सैल असताना ती हातानं वरखाली सरकते. वजन आलं की आवळून जागच्या जागी बसते. तिचा सगळा उपयोग याच गुणात आहे, आणि पुढचा धोकाही. वजन असताना ती सरकत नाही. सरकवायची तर आधी वजन काढावं लागतं, म्हणजे पायाला कुठेतरी टेकू हवा. दोन मीटर दोरीचा एक फास जवळ ठेवला, तो टेदरवर दुसऱ्या प्रूसिकनं अडकवला आणि त्यात पाय रोवला, की उभं राहता येतं. असा फास त्याच्याकडे नाही.

मांड्यांना काचतात म्हणून तो पायांचे पट्टे सैल करतो. पिशवी खोडाच्या पलीकडच्या खुंटाला टांगतो. फोन आवाज बंद करून तिच्यातच, डोक्याची बॅटरीही तिच्यातच.

संध्याकाळी ६.५२

सूर्य मावळतो. साळुंक्यांचा कलकलाट थांबतो. नाल्याच्या पलीकडच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी हलतं, तो श्वास रोखून बघत राहतो. उतरायला हीच वेळ होती. संधिप्रकाश अजून वीसेक मिनिटं आहे.

संध्याकाळी ७.०८

डुकरीण आणि चार पिल्लं पाण्यावर येतात. फोटोला उजेड पुरत नाही, तरी तो बघत राहतो. मीही बघत राहिलो असतो. असं दृश्य सोडून कोण उतरतं?

संध्याकाळी ७.२४

आता पूर्ण अंधार. बॅटरी काढायला खोडाला वळसा घालावा लागेल. वाट ठाऊक आहे, उतरू चाचपडत, असं तो ठरवतो. लाइनमन बेल्ट लावतो. खालच्या स्टिकपर्यंत पोचता यावं म्हणून प्रूसिक सरकवून टेदर हातभर सैल सोडतो.

हा हातभर सैलपणा समजून घ्यायला हवा. गिर्यारोहकांचा दोर ताणला जातो, झेप पोटात घेतो. टेदरचा दोर जवळजवळ ताणला जात नाही. तो माणसाला तोलून धरायला केलेला असतो, पडताना झेलायला नव्हे. म्हणून टेदर नेहमी ताठ ठेवायचा, दोन वीत उतरलं की दोन वीत सोडायचा.

संध्याकाळी ७.२६

डावा पाय चौथ्या स्टिकवर. उजवा पाय फळीवरून उचलतो. सगळं वजन स्टिकवर येतं, दात सालीत रुतलेले नाहीत, स्टिक खाली घसरून बाजूला फिरते.

टेदर त्याला धरतो. हिसका इतका जोराचा की मांडीचं हाड खोडावर आपटतं आणि डावं मनगट दोर व खोड यांच्यात सापडतं. पायांचे पट्टे सैल असल्यानं सॅडल वर सरकून बरगड्यांपाशी येतं. फळी छातीच्या वर राहिली आहे, तिसरी स्टिक पायाच्या बोटांच्या खाली. प्रूसिक वजनानं आवळला आहे.

तो वाचला आहे, असं या क्षणी कोणीही म्हणेल. त्यालाही तसंच वाटतं.

संध्याकाळी ७.३०

तो हाका मारतो. वस्तीवर पंप चालू आहे.

चांगल्या पायानं खोडाला रेटा दिला की बरं वाटतं. हे बरं वाटणं नुसतं मनाचं नाही. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायांतलं रक्त वर ढकललं जातं. उभ्या माणसाच्या हृदयाला त्यांची मोठी मदत असते. लटकलेल्याचे पाय हलेनासे झाले की रक्त खाली साचू लागतं. कधी शरीराची एक प्रतिक्षिप्त क्रियाही होते: नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, भोवळ येते. जमिनीवर भोवळ आली तर माणूस आडवा पडतो आणि मेंदूला लगेच रक्त मिळतं. निसर्गानं केलेली ती सोय आहे. दोरावर लटकलेला माणूस आडवा पडू शकत नाही.

१९७२मध्ये इन्सब्रुकला पर्वतीय बचावकार्य करणाऱ्या डॉक्टरांच्या परिषदेत दोरावर लटकून होणाऱ्या मृत्यूंची गांभीर्यानं चर्चा झाली. नंतरच्या प्रयोगांत निरोगी, धडधाकट स्वयंसेवकांना पट्ट्यांत निश्चल लटकवल्यावर काहींना थोड्याच मिनिटांत भोवळ येऊ लागली. त्यांच्याभोवती डॉक्टर होते, आणि खाली उतरवणारे हातही.

संध्याकाळी ७.४५

पायाचा रेटा आता दर मिनिटाला देता येत नाही. मळमळ, घाम, कानांत आवाज. उजव्या हातानं तो टेदर धरून स्वतःला वर ओढायला बघतो. दोन वेळा चार बोटं वर जातो. खिशात सुरी नाही. असती तरी टेदर कापणं म्हणजे पाच मीटर खाली पडणं.

पिशवीतल्या फोनचा पडदा उजळतो, विझतो.

संध्याकाळी ७.५५

डोकं पुढे कलतं.

रात्री ८.२०

“फोन लागतोय, उचलत नाही,” मामा म्हणतात. बिबट्याची शंका सगळ्यांच्या मनात आहे, म्हणून काठ्या घेऊन चौघं निघतात. बॅटऱ्या जमिनीवर फिरतात, झुडपांत फिरतात. वर कोणी मारत नाही. कशाला मारतील?

रात्री ८.५५

शेजारच्या शेतातला पोरगा पिशवीतला पडदा उजळताना पाहतो. कडुनिंबावर.

रात्री ९.१५

विहिरीवरची शिडी येते. दोघं वर चढून त्याला खांद्यावर उचलून धरतात, वजन निघतं, तिसरा विळ्यानं टेदर कापतो. हे त्यांनी अगदी बरोबर केलं, कोणी शिकवलेलं नसताना. १०८ला फोन झालेला आहे.

खाली आणल्यावर एकजण ओरडतो, “आडवा करू नका, बसवा!” त्यानं कुठेतरी ऐकलेलं असतं की लटकलेल्याला एकदम झोपवलं तर पायांतलं रक्त हृदयावर धावून येतं आणि माणूस जातो. हा सल्ला पूर्वी खरंच दिला जायचा. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हसाठी २००९मध्ये झालेल्या आढाव्यात त्याला पुरावा सापडला नाही. आज सांगितलं जातं ते सरळ आहे: आडवं करा, श्वास बघा, श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा. मामा त्याला मांडीशी टेकवून बसवून ठेवतात. मामांना दोष देता येत नाही. रुग्णवाहिकेतले डॉक्टर येऊन त्याला आडवं करतात, दाब देऊ लागतात.

रात्री १०.१०

मृत घोषित.

दुसऱ्या दिवशी, सकाळी ८.३०

पंचनामा. टेदर एके ठिकाणी विळ्यानं कापलेला, बाकी शाबूत. कॅराबिनरची कडी बंद, कुलपाची चकती फिरवलेली. प्रूसिकची गाठ नीट बांधलेली. सॅडलची शिवण कुठेही उसवलेली नाही. फळी जागेवर. स्टिका चार, पैकी तीन घट्ट, चौथी वीतभर खाली घसरलेली, तिच्यामागच्या सालीवर दातांचे ओरखडे.