मोती, तेल आणि माणसांची मोजदाद

अल नस्र हा आज दोह्याचा गजबजलेला भाग. शंभर वर्षांपूर्वी कतारची मिळकत मोत्यांची, आणि ते मोती विकले जात आपल्या मुंबईच्या बाजारात. जपानी कल्चर्ड मोत्यांनी तो धंदा बुडवला. तेलाची निर्यात १९४९ साली सुरू झाली. १९६६ पर्यंत इथे रिझर्व्ह बँकेचाच रुपया चाले! पुढे गॅसमुळे दरडोई उत्पन्नात देश जगाच्या पहिल्या रांगेत गेला.

पण दरडोई म्हणजे सरासरी. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली मानव विकास निर्देशांक आणला. त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही धरतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखेच हे. गणितात शंभर मिळाले म्हणून बाकीचे विषय सुटत नाहीत.

तरी एक गोष्ट मला खटकते. कतारचे बहुतेक रहिवासी परदेशी कामगार. थकला, आजारी पडला की माणूस गावी परततो. त्याचे म्हातारपण इथल्या आयुर्मानात धरलेच जात नाही. मॉरिशसच्या नोंदवह्यांत शर्तबंद मजुरांचे नंबर, वय, उंची आहे. आपल्या पूर्वजांची मोजणी तेवढीच झाली.

कतारने २०२१ पासून सर्व कामगारांना किमान मूळ वेतन लागू केले: महिना १,००० रियाल. दरडोई उत्पन्नाच्या आकड्याशेजारी हाही आकडा लिहावा.