गोकाकचा झुलता पूल

बेळगाव जिल्ह्यातील गोकाक धबधब्याजवळ घटप्रभेवर असलेला हा पूल सुमारे 200 मीटर लांब असून तो पोलादी दोरांनी तोललेला आहे. पावसाळ्यातील तुषार आणि दमट हवेत उघडे लोखंड लवकर गंजते. अशा बांधकामांत दोरांना ग्रीस लावतात. ते पिळांत शिरते आणि दोर हलला तरी तडकत नाही. खांब-तुळयांना मात्र रंगच हवा. खरा कस रंगाआधीच्या तयारीत लागतो : गंज मुळापासून खरवडला नाही, तर तो आतून फुगतो आणि महागडा रंगही पोपड्यांनी सुटतो. ही तयारी झाल्यावर जस्तयुक्त प्रायमर, इपॉक्सी आणि उन्हात टिकणारा पॉलियुरेथेन असे थर देतात. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते. बोल्ट व कडांवर रंग पातळ बसतो, म्हणून तेथे ब्रशचा एक जादा हात देतात. हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांहून अधिक असताना हे काम सहसा करीत नाहीत.