रोपे कोलमडणे (भाजीपाला पिके)

रोपे कोलमडणे, अर्थात रोपमर, हा मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी, कांदा इत्यादी पिकांच्या रोपवाटिकेत आढळणारा मातीजन्य रोग आहे. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया व फ्युजारियम या प्रजातींतील सूक्ष्मजीवांमुळे तो होतो. यांपैकी पहिल्या दोहोंना व्यवहारात बुरशीच म्हणतात. आधुनिक वर्गीकरणात मात्र त्यांचा गट खऱ्या बुरशीहून वेगळा आहे. या रोगात बी जमिनीतच कुजते किंवा उगवलेल्या रोपाचे खोड मातीलगत मऊ व पाणचट होऊन रोप आडवे पडते. पावसाळ्यात, निचरा नसलेल्या सपाट वाफ्यांत प्रादुर्भाव अधिक असतो.

खतांचा संबंध

अंकुरणाऱ्या रोपाचे आरंभीचे पोषण बियातील साठ्यावर होते, म्हणून त्या काळात नत्राची गरज अल्प असते. तरीही रोपे लवकर वाढावीत या हेतूने युरिया दिला जातो. जादा नत्राने पेशी रसरशीत व पातळ भित्तिकांच्या राहतात आणि खोड निबर होण्यास विलंब लागतो. रोगकारकाचा शिरकाव नेमका याच अवस्थेत होतो. युरियाच्या विघटनातून निघणारा अमोनिया आणि खतांतील क्षारांचा अतिरेक कोवळ्या मुळांची टोके भाजून काढतो. इजा झालेल्या मुळांतून शर्करा पाझरतात व पिथियमचे पोहणारे बीजाणू तिकडे ओढले जातात. याउलट कॅल्शियममुळे पेशीभित्तिकांतील पेक्टिन घट्ट होते आणि ते विरघळवणाऱ्या रायझोक्टोनियाच्या विकरांना रोध होतो.

सेंद्रिय खत सदैव निर्धोक, हा समज तपासून घ्यावा असा आहे. कच्च्या शेणखतावर व ताज्या काडीकचऱ्यावर पिथियम आणि रायझोक्टोनिया हे रोगकारक मृतोपजीवी म्हणून झपाट्याने वाढतात. पूर्ण कुजलेल्या खतात सहज मिळणारे अन्न संपलेले असते व इतर सूक्ष्मजीवांची दाटी असते. त्या स्पर्धेत रोगकारक मागे पडतात. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात हॅरी हॉइटिंक यांनी झाडांच्या सालीच्या कंपोस्टवर केलेल्या संशोधनाने ही बाब पुढे आणली. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून देण्याची शिफारस याच तत्त्वावर आधारलेली आहे.

कोकणात भात व नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यात वरच्या थरातील तणांचे बी व काही रोगकारक जळतात आणि राखेतून पालाश मिळते. मात्र पाला व शेण जळाल्याने त्यांतील नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो.

खत कोणतेही असले, तरी पाणी साचणाऱ्या वाफ्यात त्याचा उपयोग मर्यादित ठरतो. म्हणून गादीवाफे, विरळ पेरणी व बेताचे पाणी यांना नियंत्रणात प्रथम स्थान दिले जाते.