खानदेशातील उघड्या विस्तवावरील स्वयंपाक

खानदेशातील उघड्या विस्तवावरील स्वयंपाक म्हणजे शेतात, नदीकाठी, यात्रेत किंवा गावपंगतीच्या वेळी घराबाहेर पेटवलेल्या जाळावर, निखाऱ्यांत अथवा तापलेल्या राखेत अन्न शिजवण्याच्या पारंपरिक पद्धती होत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत त्या प्रचलित आहेत. प्रस्तुत लेखात मुख्यतः पूर्व खानदेशातील, विशेषतः मुक्ताईनगर आणि आसपासच्या तालुक्यांतील पद्धतींचा विचार केला आहे. वांग्याचे भरीत, वरण-बट्टी आणि खापरावरचे मांडे हे या स्वयंपाकाचे तीन प्रमुख पदार्थ आहेत. या पदार्थांची चव मसाल्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, सरपणावर अवलंबून असते. त्यामुळे सरपण बदलले की पदार्थही बदलतो.

पार्श्वभूमी

मुक्ताईनगर हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून त्याचे पूर्वीचे नाव एदलाबाद होते. तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम याच परिसरात, चांगदेव या गावाजवळ होतो. नद्यांच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत केळी आणि कपाशी ही मुख्य पिके घेतली जातात. उघड्यावरच्या स्वयंपाकाला लागणारे बहुतेक साहित्य याच शेतीतून मिळते. कपाशीच्या वाळलेल्या काड्या म्हणजे पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या जळणासाठी, गुरांच्या शेणाच्या गोवऱ्या निखाऱ्यांसाठी आणि केळीची पाने जेवण वाढण्यासाठी वापरतात. या भागात मोठे लाकूड पूर्वीपासूनच बेताचे होते. जे होते ते घरबांधणीला आणि औतांना लागे. स्वयंपाकाच्या पद्धती काड्या व गोवऱ्यांना धरून घडल्या, त्याचे हेही एक कारण मानता येते.

गावाला आजचे नाव ज्यांच्यावरून मिळाले त्या संत मुक्ताबाई यांच्याशी विस्तवाची एक प्रसिद्ध कथा जोडलेली आहे. आळंदीत मुक्ताबाईंना मांडे करायचे होते, परंतु विसोबांनी गावातील कुंभारांना खापर देऊ नये असे बजावले. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईंनी तीवर मांडे भाजले, अशी ही आख्यायिका आहे. पुढे विसोबांना पश्चात्ताप झाला, असे परंपरा सांगते. कथेचा आशय भक्तिपर आहे. तथापि मांड्यासाठी साधा तवा चालत नाही, वरून फुगीर आणि सर्वत्र सारखे तापलेले पृष्ठच लागते, हा व्यवहारातला तपशील तिच्यात अचूक आला आहे. मुक्ताबाई शके १२१९ (इ.स. १२९७) मध्ये तापीतीरी विजेच्या लखलखाटात गुप्त झाल्या, असे वारकरी संप्रदाय मानतो. कोथळी येथे त्यांचे जुने मंदिर आहे. आषाढी वारीसाठी मुक्ताबाईंची पालखी येथून पंढरपूरला जाते आणि सुमारे महिनाभर चालते. महाशिवरात्रीच्या सुमारास चांगदेव व मुक्ताईनगर परिसरात यात्रा भरते.

जाळ, निखारा आणि फुफाटा

या स्वयंपाकात विस्तवाच्या तीन अवस्था काटेकोरपणे वेगळ्या मानल्या जातात. जाळ म्हणजे ज्योत. ती वरवर, पण प्रखर तापवते. निखाऱ्याची उष्णता ज्योतीपेक्षा स्थिर असते आणि ती मुख्यतः प्रारणाने, म्हणजे मध्ये कशाचाही स्पर्श नसताना, पदार्थापर्यंत पोहोचते. फुफाटा म्हणजे निखाऱ्यांवरची तापलेली राख. राख उष्णतेची मंदवाहक असल्याने ती पदार्थाला चहूबाजूंनी लपेटून सावकाश शिजवते आणि खालचे निखारेही विझू देत नाही. ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण वापरणाऱ्या अनेकांनी फुफाटा पाहिलेला नसतो. तो वरून थंड, करडा दिसतो आणि पाय पडल्यावरच त्याचा ताप कळतो. म्हणीतली मेख तीच आहे.

पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि लवकर ओसरतो. गोवरी उलट सावकाश पेटते, भडकत नाही, पण तिचा निखारा बराच वेळ टिकतो. भरीत पऱ्हाटीवर आणि बट्टी गोवरीवर, ही विभागणी यातून आली आहे. गोवरीच्या धगीवर वांगे ठेवल्यास ते शिजते, पण त्याची साल नीट करपत नाही. पऱ्हाटीच्या जाळात घातलेली बट्टी बाहेरून कोळसा होते आणि आतून कच्ची राहते.

भरीत

भरितासाठी मोठी, हिरवी, मांसल आणि कमी बियांची वांगी वापरली जातात. ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने त्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी मानांकन मिळाले. यावल तालुक्यातील बामणोद आणि जळगावजवळील आसोदा ही गावे या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहेत. हंगाम हिवाळ्याचा असतो. चातुर्मासात अनेक घरांत वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा खाण्यास सुरुवात होते.

शेतात भरीत करताना जमिनीवर पऱ्हाट्यांचा थर पसरतात, त्यावर वांगी एका ओळीत मांडतात आणि वरून पुन्हा काड्या रचतात. वांग्यांना आधी तेलाचा हात लावून सुरीने एकदोन ठिकाणी टोचे मारतात. तसे न केल्यास आतली वाफ कोंडून वांगे फुटते. ढीग वाऱ्याच्या बाजूने पेटवतात. जाळ चालू असताना लांब काठीने वांगी फिरवत राहावे लागते. साल पूर्ण काळी पडते, परंतु ती करपत असताना आतील गर स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजत असतो. त्यामुळे गराचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारसे वर जात नाही आणि तो जळत नाही. वांगे तयार झाले की नाही, हे देठाजवळ दाबून पाहतात, कारण तो भाग सर्वांत शेवटी मऊ होतो.

भाजलेली वांगी थोडा वेळ एकावर एक रचून झाकून ठेवतात, म्हणजे साल सहज सुटते. सोलताना देठ काढत नाहीत. तो धरायला उपयोगी पडतो. काळी साल धुऊन काढणे मात्र सर्वत्र टाळतात, कारण पाण्याबरोबर धुराचा वास निघून जातो. सोललेला गर लाकडी बडगीत, म्हणजे खोलगट भांड्यात, लाकडी दांड्याने ठेचतात. पाट्यावर वाटल्यास किंवा यंत्रात फिरवल्यास बिया भरडल्या जाऊन भरीत कडवट आणि चिकट होते. भाजलेल्या किंवा तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि सुक्या खोबऱ्याचे काप त्यात घालतात. तेल शेंगदाण्याचे असते आणि ते सढळ हाताने वापरतात. भरीत पुरीबरोबर किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या भाकरीबरोबर, खाल्ले जाते. हिवाळ्यात नातेवाईक, मजूर आणि मित्रमंडळी यांना शेतावर बोलावून भरीत करण्याची पद्धत रूढ असून तिला ‘भरीत पार्टी’ म्हणतात. घरी चूल सहसा स्त्रिया सांभाळत असल्या, तरी शेतातल्या या जाळापाशी पुरुष हौसेने उभे राहतात.

बट्टी

बट्टीसाठी गहू जाडसर दळतात. काही ठिकाणी त्यात थोडा मका मिसळतात. पिठात ओवा, जिरे, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून ते घट्ट मळतात. घरी गोळे वाफवून किंवा उकडून, कापून तळण्याची पद्धत अधिक दिसते. उघड्यावर मात्र गोवऱ्या रचून पेटवतात आणि धूर पूर्ण संपेपर्यंत थांबतात. धूर असताना बट्टी घातली तर तिला गोवरीचा उग्र वास लागतो. घाई इथेच नडते. निखारे पसरवून त्यांवर बट्ट्या ठेवतात, सर्व बाजूंनी रंग आला की त्या फुफाट्यात पुरतात. आत शिजलेली बट्टी फुगून तडकते. मग ती फडक्यात झटकून, दाबून फोडतात आणि तुपात बुडवून तुरीच्या वरणाबरोबर व वांग्याच्या घोटलेल्या भाजीबरोबर वाढतात. भंडारे, नवस आणि गावजेवणे यांत हाच बेत असतो. अशा वेळी वरणाची मोठी पातेली जमिनीत खणलेल्या लांब चरावर ओळीने ठेवतात.

ज्वारीचा हुरडाही याच तत्त्वावर भाजतात. जमिनीत खळगा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव केला जातो, त्याला आगटी म्हणतात. कोवळी कणसे त्या राखेत खुपसून भाजतात आणि हातावर चोळून दाणे काढतात.

खापरावरचे मांडे

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खानदेशच्या आखाजीला, आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी करतात. खापर हे मातीचे रुंद, खोलगट भांडे चुलीवर पालथे ठेवतात, जेणेकरून जाळ त्याच्या पोकळीत कोंडून संपूर्ण घुमट तापतो. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरून तो गोळा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत फिरवत पातळ करतात आणि खापरावर पसरतात. लाटणे लागत नाही. मांडा अगदी थोड्या वेळात भाजून होतो. तेवढ्यात जाळ मंदावला तर तो वातड होतो. म्हणून पोळी करणारीच्या शेजारी जाळ घालणारी दुसरी स्त्री असते आणि तिचे कौशल्य कमी महत्त्वाचे नसते. खापर तापलेले असताना त्यावर गार पाणी पडल्यास ते तडकते. ते मिळाले नाही तर लोखंडी कढई पालथी घालूनही मांडे केले जातात.

झाकणावर निखारे

वरील पद्धतींत भांडे नसते किंवा असलेच तर उघडे असते. बंद भांड्याच्या खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भट्टी तयार करण्याची पद्धत महाराष्ट्राच्या व गोव्याच्या किनारपट्टीवर अधिक विकसित झाली. कोकणातील काकडीचे धोंडस आणि गोव्यातील बेबिंका यांना वरून धग लागते, आणि ती झाकणावरच्या निखाऱ्यांनी दिली जाते. रायगड जिल्ह्यातील पोपटी ही आणखी वेगळी रीत आहे. तीत वालाच्या शेंगा भरलेले मडके भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद करून पालथे ठेवतात आणि त्याच्याभोवती जाळ करतात.

धातूच्या भांड्यात याच तत्त्वाचा विकास युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियात झाला. इंग्लंडमधील एब्राहम डार्बी यांनी १७०७ मध्ये कोरड्या वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट घेतले. जाड बिडाच्या या भांड्याला पुढे पाय आणि निखारे न घसरता राहावेत म्हणून काठ असलेले झाकण मिळाले. ‘डच ओव्हन’ या नावाने ते ओळखले जाते. बीड उष्णता चांगली धरून ठेवते, पण जड आणि ठिसूळ असते. ऑस्ट्रेलियातील गुरे हाकणाऱ्यांच्या प्रवासात अशी भांडी घोड्याच्या पाठीवरून पडून फुटत. त्यामुळे तेथे पत्र्याच्या पोलादाचे हलके भांडे प्रचारात आले. क्वीन्सलँडमधील बेडुरी या गावावरून त्याला बेडुरी ओव्हन म्हणतात, आणि त्याचे झाकण तव्यासारखेही वापरता येते. पोलाद पातळ असल्याने ते लवकर तापते व लवकर निवते, म्हणून त्याच्याखाली निखारे थोडे ठेवावे लागतात. भाजण्याच्या पदार्थांसाठी साधारणपणे एक तृतीयांश निखारे खाली आणि दोन तृतीयांश झाकणावर, असा ढोबळ नियम आहे. भांडे थेट जाळावर ठेवत नाहीत. साध्या पोलादाला गंज चढतो, म्हणून वापरानंतर ते पुसून तेलाचा हात लावून ठेवतात. खानदेशातील लोखंडी कढई आणि तवा यांचीही निगा अशीच राखली जाते. बट्टी अशा झाकणबंद भांड्यात उत्तम भाजते. शहरी घरांत गॅसवर ठेवायचा बाटी कुकर हेच काम करतो, मात्र त्याला फक्त खालून आच मिळते.

सद्यस्थिती

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनंतर ग्रामीण स्वयंपाकघरांत गॅसचा प्रसार वाढला. बंदिस्त घरातील चुलीचा धूर स्त्रियांच्या श्वसनसंस्थेला आणि डोळ्यांना अपायकारक असतो, त्यामुळे हा बदल स्वागतार्ह आहे. भरीत आता बहुतेक घरी गॅसच्या शेगडीवर भाजले जाते. त्याला धुराचा वास लागत नाही, हा फरक जाणकार लगेच ओळखतात. परिणामी पऱ्हाटीवरचे भरीत रोजच्या जेवणातून निघून शेतातल्या मेजवानीपुरते राहिले आहे.

खरा पेच पऱ्हाटीचाच आहे. हंगाम संपल्यावर उपटलेल्या काड्या बांधावर किंवा घराजवळ रचून वर्षभर सरपण म्हणून वापरण्याची रीत होती. परंतु गुलाबी बोंडअळी काड्यांवर उरलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर येते. २०१७ मध्ये महाराष्ट्रात या अळीमुळे कपाशीचे मोठे नुकसान झाले. तेव्हापासून कपाशीची फरदड न घेता शेत वेळेत मोकळे करावे आणि पऱ्हाट्या साठवू नयेत, असे कृषी विभाग व कापूस संशोधन संस्था सातत्याने सांगत आहेत. यंत्राने काड्यांचा भुगा करून तो जमिनीत मिसळणे, त्यांच्यापासून जळाऊ विटा बनवणे हे पर्याय वापरात येत आहेत. मुंबईतील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने काड्यांपासून फळ्या तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. भरितासाठी लागणाऱ्या काड्या एकूण काड्यांच्या मानाने नगण्य असल्या, तरी त्या वर्षभर रचून ठेवण्याची सोय आता उरलेली नाही. हिवाळ्यात ताज्या उपटलेल्या आणि वाळवलेल्या काड्या लगेच जाळून टाकल्यास अळीचाही नाश होतो आणि भरीतही होते. तुरीच्या काड्या हा दुसरा पर्याय आहे.

उघड्यावर विस्तव करताना वाळलेली कडबा-गंज, ठिबकच्या नळ्या आणि केळीची वाळकी पाने यांपासून अंतर ठेवावे लागते. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा वनक्षेत्र असून तेथे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात मनाई असताना विस्तव पेटवणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. शेतातही परतण्यापूर्वी फुफाट्यावर पाणी ओतून तो काठीने उकरून पाहतात, कारण वरचा थर विझला तरी गोवरीचा निखारा राखेखाली दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो.